छप्पर केव्हां बदलावें?

मराठी भाषेंत ‘शाकारणें’ असें एक क्रियापद आहे. पावसाळा तोंडावर आला म्हणजे घराचें छप्पर उतरणें, तें झाडून साफ करणें, फुटकें टाकून नवें घालणें आणि सारें पुन्हां रचून घेणें, एवढा मोठा उद्योग त्या एका शब्दांत सामावलेला आहे. भाषेनें ज्या कामासाठीं स्वतंत्र शब्द राखून ठेवला, तें काम त्या समाजांत नित्यनेमानें होत असलें पाहिजे, हें उघड आहे. सारवणें, लिंपणें आणि शाकारणें हीं तिन्ही क्रियापदें एकाच घराण्यांतलीं होत. घर एकदां बांधून संपत नाहीं, दरवर्षीं तें थोडें थोडें पुन्हां बांधावें लागतें, ही समजूत त्या तिहींच्या मुळाशीं आहे.

परंतु या शाकारणीच्या पोटांत एक अवघड प्रश्न दडलेला असतो. यंदां शाकारून भागेल, कीं आतां छप्परच बदलावें? लवकर बदलावें तर धडधाकट लाकूड आणि गांठचा पैसा वायां जातो. उशिरां बदलावें तर घरांतल्या माणसांच्या जिवाशीं गांठ पडते. या दोन चुकांच्या मधली अरुंद वाट नेमकी कोठें आहे, हें ओळखण्याची एक विद्या गांवोगांवच्या सुतारांपाशीं, कुंभारांपाशीं आणि वडीलधाऱ्या गृहस्थांपाशीं होती. ती कोणत्याहि पोथींत लिहिलेली नव्हती. छप्पर बदलत गेलें तसतशी तीहि बदलत गेली, आणि कांहीं ठिकाणीं ती पार लोपली. त्या विद्येचा इतिहास आजच्या शहरवासी गृहस्थालाहि उपयोगी पडण्यासारखा आहे.

नागपुराहून भंडाऱ्याकडे जातांना महामार्गालगत जवाहरनगर लागतें. १९६४ सालीं येथें दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि त्याच्या आधारानें नोकरदारांची वसाहत वाढली. या वसाहतीच्या सभोंवतीं मात्र धानाच्या बांध्या, तलाव आणि कवेलूंचीं घरें असा वैनगंगेच्या खोऱ्यांतला जुना मुलूख पसरलेला होता. पश्चिम महाराष्ट्रांत ज्याला कौल म्हणतात त्यालाच विदर्भांत कवेलू म्हणतात. दरवर्षीं उतरावयाचें छप्पर आणि एकदां ओतलें कीं विसरावयाचें छप्पर, हीं दोन्ही अशा रीतीनें येथें एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर आलीं.

आधीं जुनें छप्पर पाहूं. भंडारा जिल्ह्यांत वर्षाला सरासरी सुमारें १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक सारा चार महिन्यांतच कोसळतो. उन्हाळाहि तितकाच कडक. अशा हवेंत छप्पर उतरतें पाहिजे, म्हणजे पाणी थांबणार नाहीं. आणि तें थोडें श्वास घेणारें पाहिजे, म्हणजे घराची भट्टी होणार नाहीं. त्यासाठीं लागणारी सामग्री त्या भूमीनेंच दिली होती. तलावांच्या व बांध्यांच्या जिल्ह्यांत चिकणमातीला तोटा नव्हता. रानांत सागवान होतें, बांबू होता. गरिबाचें घर गवतानें शाकारलें जाई, आणि थोडी ऐपत आली कीं गवताच्या जागीं कवेलू येत.

कुंभार चाकावर एक निमुळती नळी घडवी आणि ती उभी चिरून तिचे दोन अर्ध करी. सुकवून, आव्यांत भाजून निघालेले हे कवेलू बांबूच्या अंथरणावर रचले जात. एक ओळ उताणी आणि दोन उताण्या ओळींच्या कडा झांकणारी एक ओळ पालथी. त्यांना खिळा नाहीं, चुना नाहीं. केवळ एकमेकांच्या अंगावर रेलून ते बसलेले असत. म्हणूनच ते सरकत. वारा, मांजर, वानर आणि झाडाच्या फांद्या हे सारे त्यांना हलवीत. उताण्या ओळींत पालापाचोळा साचे, त्यांत गवत उगवे, पाण्याची वाट बंद होई आणि तें बाजूनें उतू जाऊन बांबूवर पाझरे. या साऱ्यावर उपाय एकच होता. अक्षय्य तृतीया उलटली आणि मृग नक्षत्र यावयाचें आहे, अशा मधल्या महिन्याभरांत माणसें छपरावर चढत आणि कवेलू फेरून घेत.

आजच्या गृहस्थास ही दरसालची यातायात वाटेल, आणि ती होतीच. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट आपोआप साधत असे. कवेलू उतरले कीं छपराचा सांगाडा उघडा पडे, आणि वर्षांतून एकदां, लख्ख उन्हांत, तो जाणत्या डोळ्यांखालून जाई. शाकारणी ही दुरुस्ती होती तशीच ती तपासणीहि होती. किंबहुना तपासणीसाठीं कोणी वेगळें बोलवावें लागत नव्हतें, हाच त्या छपराचा मोठा गुण होता.

ही तपासणी कशी होई? सुतार प्रथम वाशांच्या टोंकांकडे जाई. वाशाचा मधला भाग सहसा लवकर कुजत नाहीं. तो जेथें भिंतीवर टेकतो तेथें ओल धरते, वारा लागत नाहीं आणि वाळवीलाहि वर चढण्यास मातीची वाट सांपडते. तेथें वाकसाचा दांडा आपटला कीं लाकूड आपली प्रकृति सांगे. भरीव लाकूड खणखणीत बोलतें, पोखरलेलें भदभद वाजतें. संशय आला तर टोंचा खुपसून पाहावयाचा. दोन बोटें आंत गेला तर त्या वाशाची सेवा संपली. मग अंगणाच्या टोंकाला जाऊन आढ्याची रेघ पाहावयाची. घराच्या माथ्यावरचें आढें सरळ आहे, कीं घोड्याच्या पाठीसारखें मध्यें खचलें आहे? पाखें एकसारखें उतरतें, कीं त्यावर लाटा उठल्या आहेत? भिंतीच्या माथ्याशीं नव्या उभ्या भेगा आहेत काय? असतील तर वासे भिंतीला बाहेर रेटीत आहेत, असें समजावें.

या पाहणींतून निर्णयाच्या तीन पायऱ्या निघत. फुटले असतील ते कवेलूच, तर ती शाकारणी; तिला फारसा विचार लागत नाहीं. बांबूचें अंथरण पिचलें असेल, तर तेवढें पाखें पुरतें उतरून नवा बांबू घालावयाचा. कवेलू जुनेच चालतात. परंतु वासे, आढें किंवा तुळई यांना कीड लागली असेल, तर छप्पर बदलण्याची वेळ आली. गळती ही यांतली कोणतीच खूण नव्हे, ही ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट आहे. पावसांत चार ठिकाणीं गळणारें छप्पर आणखी वीस वर्षें टिकणारें असूं शकतें, आणि एक थेंब न गळणारें छप्पर पुढल्या आषाढांत खालीं येऊं शकतें. गळती आच्छादनाचा दोष सांगते. छपराचें आयुष्य मात्र तें आच्छादन तोलून धरणाऱ्या लाकडांत असतें. जुन्या विद्येचा सारा मथितार्थ या एका भेदांत आहे.

ही व्यवस्था टिकून राहण्यास जंगलाचा आधार लागत असे. नागपूरचें भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं इंग्रजांनीं खालसा केलें आणि १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला. या प्रांतांत गांवें मालगुजारांच्या हातीं होतीं, आणि गांवच्या रानांतून घरासाठीं लाकूड, बांबू, गवत आणण्याच्या रयतेच्या हक्काला ‘निस्तार’ म्हणत. वासा कुजला तर दुसरा आणतां येत होता, म्हणूनच तो वेळेवर बदलला जात होता. पुढें मालगुजारी नष्ट झाली. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारांचे स्वामित्वहक्क सरकारजमा झाले आणि मालगुजारी रानेंहि सरकारकडे गेलीं. निस्ताराचे हक्क कागदोपत्रीं निराळ्या रूपांत राहिले, तरी पूर्वींची सुलभता उरली नाहीं. सागाचा वासा ही रानांतून आणावयाची वस्तु न राहतां बाजारांतून विकत घ्यावयाची वस्तु झाली. निर्णयाची विद्या तीच राहिली, परंतु निर्णय अंमलांत आणण्याची किंमत वाढली. आणि किंमत वाढली कीं माणूस ‘यंदां राहूं द्या, पुढल्या वर्षीं पाहूं’ असें म्हणूं लागतो.

दरम्यान छपराची नवी सामग्री दूरदेशाहून निघाली होती. आल्सेस प्रांतांतील आल्टकिर्श येथील जिलार्दोनी बंधूंनीं १८४१ च्या सुमारास एकमेकांत अडकणारें, सांच्यांतून काढलेलें चपटें कौल सिद्ध केलें. त्याच जातीचीं कौलें भारतांत काढण्याचा उद्योग बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगळूर येथें सुरू केला. तेंच पुढें घरोघरीं गेलेलें मंगळुरी कौल होय. या कौलाला कडेस खांचा आणि मागें रिपेवर अडकविण्यासाठीं दांत असतात. त्यामुळें तें वाऱ्यानें हलत नाहीं आणि दरवर्षीं उतरावें लागत नाहीं. वजनानेंहि तें सोयीचें. बांधकामशास्त्राच्या कोष्टकाप्रमाणें रिपांसह मंगळुरी कौलांचें वजन चौरस मीटरला सुमारें ६५ किलो, तर देशी कौलांच्या दुहेरी आच्छादनाचें सुमारें १२० किलो धरतात. कोंकणांत, पुण्यांत, मुंबईंत या कौलानें जुन्या नळीच्या कौलाची जागा घेतली. शाकारणी दरसालची न राहतां पांच-दहा वर्षांची झाली. पण तितक्याच वर्षांनीं एकदां वासे उजेडांत येऊं लागले.

कौलामागोमाग पत्रा आला. लंडनच्या गोदीवरील अभियंता हेन्री पामर यानें लोखंडी पत्र्याला वळ्या पाडण्याचें पेटंट १८२९ सालीं घेतलें होतें, आणि पुढल्या दशकांत पत्र्यावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत फ्रान्सांत निघाली. वळ्यांनीं पातळ पत्र्याला ताठपणा आला, जस्तानें त्याचा गंज लांबला. १८८० नंतर नागपूर–छत्तीसगड रेल्वे भंडारा जिल्ह्यांतून धांवूं लागली, पुढें ती बंगाल–नागपूर रेल्वेंत सामील झाली, आणि असला जड माल आंतल्या मुलुखांत पोंचण्याची सोय झाली. तरीहि खेड्यांतले कवेलू पत्र्यानें लगेच हटविले नाहींत. ते मागें पडले ते पुष्कळ नंतर, आणि त्याला कारणें अनेक होतीं. नवी पिढी चाकावर बसेना, तेव्हां कवेलू दुर्मिळ झाले. शाकारणारे हात शहराकडे गेले. रानें विरळ झालीं आणि वानरांच्या टोळ्या गांवांत शिरल्या. एका दुपारींत त्या निम्मे छप्पर विस्कटून ठेवूं लागल्या. ज्या घरीं वर्षांतून एकदां कवेलू फेरले जात तेथें ते तीनदां फेरण्याची पाळी आली, तेव्हां गृहस्थानें पत्रा आणला, यांत त्याचा दोष काय? दुरुस्तीचा खर्च आणि त्रास दर सालीं वाढतच जाणें, ही देखील छप्पर बदलण्याची एक रास्त खूण आहे.

तथापि या बदलांत दुसरी चूकहि पुष्कळांनीं केली. सांगाडा धडधाकट असतां केवळ कवेलूंचा कंटाळा आला म्हणून आजोबांच्या वेळचे सागवानी वासे मातीमोलानें विकले गेले, आणि त्यांच्या जागीं लोखंडी नळ्यांवर पत्रा चढला. पत्रा हलका खरा, पण वैशाखांतल्या दुपारीं त्याच्या खालीं बसवत नाहीं, आणि वादळांत तो उडतो. जें बदलावयाचें तें आच्छादन होतें. बदलला गेला तो सांगाडा. निदान चुकलें कीं औषधहि चुकतें.

आतां तिसरें छप्पर, म्हणजे स्लॅब. लोखंडी सळया आणि सिमेंट यांचा संयोग करण्याचें पेटंट फ्रान्समध्यें जोसेफ मोनिये यानें १८६७ सालीं घेतलें. भारतांत पोरबंदरच्या कारखान्यांतून १९१४ सालीं सिमेंट निघूं लागलें. स्वातंत्र्योत्तर काळांत सरकारी इमारती, कारखाने, नोकरदारांच्या वसाहती या सर्वांनीं तें स्वीकारलें, आणि पक्कें घर म्हणजे स्लॅबचें घर हा अर्थ लोकांच्या मनांत रुजला. जवाहरनगरसारख्या वसाहतींनीं आसपासच्या खेड्यांना हा नवा आदर्श दाखविला. पुढें शासनाच्या घरकुल योजनांनीं तो गरिबाच्या दारीं नेला. १९८५ सालीं इंदिरा आवास योजना आली, आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागांत मैदानी प्रदेशांतील कुटुंबास किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घरासाठीं १ लाख २० हजार रुपयांचें साहाय्य ठरविण्यांत आलें. गळक्या घरांत ज्यांनीं पावसाळे काढले त्यांना या छपराचें मोल कोणी सांगावयास नको. ना वानराची भीति, ना वाळवीची, ना मृगाच्या आधीं छपरावर चढण्याची.

पण याच निश्चिंतींत धोका आहे. स्लॅबचा सांगाडा आणि त्याचें आच्छादन हीं एकमेकांपासून वेगळीं करतां येत नाहींत. छपराचे वासे म्हणजे तिच्या पोटांतल्या सळया. त्या कधींच उन्हांत येत नाहींत. गच्चीवर पाणी साचतें, बारीक चिरांतून तें आंत मुरतें, हवेंतील अंगारवायूनें काँक्रीटचा संरक्षक गुण वर्षानुवर्षें कमी होत जातो, आणि एके दिवशीं सळईला गंज धरतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षां दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. तो आंतून फुगतो आणि काँक्रीटला चीर पाडतो. त्या चिरेंतून आणखी पाणी जातें. वाळवीहून हा शत्रु निराळा नाहीं. फक्त त्याची वारूळें दिसत नाहींत. आणि वजन पाहावें तर पांच इंच जाडीच्या स्लॅबचें वजन चौरस मीटरला ३०० किलोहून अधिक भरतें, म्हणजे मंगळुरी कौलांच्या सुमारें पांचपट. जवाहरनगरच्या कारखान्यांत २४ जानेवारी २०२५ रोजीं झालेल्या स्फोटांत छप्पर कोसळलें आणि आठ कामगारांचे प्राण गेले. तें छप्पर जुनेपणामुळें पडलें नव्हतें, स्फोटानें पडलें होतें. तरी माथ्यावरचें ओझें खालीं आलें म्हणजे काय होतें, हें त्या दिवशीं साऱ्या जिल्ह्यानें पाहिलें.

छपराच्या ओझ्याचा सर्वांत दारुण धडा मात्र महाराष्ट्राला त्याआधींच, मराठवाड्यांत मिळालेला होता. तिकडील घराचें छप्पर उतरतें नसतें. पाऊस कमी म्हणून तें सपाट, मातीचें. त्याला माळवद किंवा धाबें म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलच किंवा फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत खालीं गारवा राहतो, रात्रीं वर निजतां येतें, धान्य वाळवितां येतें. हें छप्परहि दरवर्षीं निगा मागतें. परंतु कवेलूच्या आणि माळवदाच्या निगेंत एक मोठा फरक आहे. कवेलू उतरून पुन्हां चढविले जातात. माळवद उतरलें जात नाहीं. तें गळूं लागलें कीं वरून आणखी माती पसरावयाची, ती चोपावयाची, आणि पाऊस थोपवावयाचा. प्रत्येक पिढीनें आपापला थर चढविला. आजोबांची माती, वडिलांची माती, मुलाची माती असें करतां करतां थर एक फुटाचा दीड फूट झाला, कोठें दोन फुटांवर गेला. दीड फूट माती म्हणजे चौरस मीटरला ७०० ते ८०० किलो ओझें. घर मात्र तेंच, भिंती त्याच. मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्याच दिवशीं गणपतींचें विसर्जन झालें होतें आणि गांवें दमून झोंपलीं होतीं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें कांहीं क्षणांत ढिगारे झालीं. निरनिराळ्या गणनांप्रमाणें आठ ते दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. जगांत याहून मोठे भूकंप कितीतरी झाले आहेत, ज्यांत इतकीं माणसें दगावलीं नाहींत. येथें माणसें मारलीं तीं जाड दगडी भिंतींनीं आणि माथ्यावरच्या मातीनें. अभियंत्यांनीं पाहणी केली तेव्हां पुष्कळ ठिकाणीं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिलेला आढळला. कोसळल्या त्या भिंती. उरलेलीं घरें बळकट करण्याच्या ज्या सूचना पुढें दिल्या गेल्या, त्यांत छपरावरची माती उतरवून कमी करणें ही एक प्रमुख सूचना होती. बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं.

या धड्याचा विचार नीट केला पाहिजे. किल्लारीचे गृहस्थ आळशी नव्हते. त्यांनीं छपराकडे दुर्लक्ष केलें म्हणून हें घडलें नाहीं. उलट त्यांनीं नेमानें निगा राखली, आणि ती निगाच ओझें होऊन बसली. दरवर्षींचा थर हा त्या त्या वर्षापुरता शहाणपणाचाच होता. पण पन्नास शहाणपणांची बेरीज मूर्खपणाची झाली, कारण मधल्या कोणत्याहि वर्षीं कोणीं असें विचारलें नाहीं कीं, आतां नवी माती घालावयाची कीं जुनी सगळी उतरून छप्पर मुळापासून नवें करावयाचें? गळती थांबली कीं प्रश्न संपला, असें सर्वांनीं धरलें होतें. भंडाऱ्याच्या सुतारानें जो भेद जपला होता, आच्छादनाचा दोष निराळा आणि तोलणाऱ्या अवयवांचें सामर्थ्य निराळें, तो येथें विसरला गेला होता.

शहरांतील गृहस्थानें हें दूरच्या खेड्यांचें दुःख म्हणून सोडून देऊं नये. त्याच्या स्वतःच्या गच्चीवर काय चालतें? गळूं लागली कीं विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. दहा वर्षांनीं तो फुटला कीं त्याच्यावरच दुसरा कोबा, त्यावर फरशी, त्यावर मातीच्या कुंड्या आणि पाण्याची जादा टांकी. हें सिमेंटचें माळवदच होय. खालीं खोलींत छताचा गिलावा पडला कीं रंगारी बोलावून तो भरून घेतात आणि चांगला रंग देतात. जुन्या सुतारानें उघडा वासा पाहिला असता. येथें आजार दिसतांच त्याच्यावर पांघरूण घातलें जातें.

मुंबईनें या दुर्लक्षाची किंमत पिढ्यानपिढ्या मोजली. भाडेनियंत्रणामुळें जुन्या चाळींच्या मालकांना दुरुस्ती परवडेना, भाडेकरूंना ती आपली वाटेना, आणि पावसाळ्यागणिक इमारती पडूं लागल्या. अखेर १९६९ सालीं कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण करावें लागलें, आणि उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची जबाबदारी त्याकडे देण्यांत आली. २००९ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांत भर घालून ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तज्ज्ञांकडून तपासणी बंधनकारक झाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतहि १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठीं दर पांच वर्षांनीं आणि त्याहून जुन्या इमारतींसाठीं दर तीन वर्षांनीं अशी तपासणी सांगितली आहे. जें काम एके काळीं कवेलूच्या स्वभावानेंच करवून घेतलें, तें आतां कलमांनीं करवून घ्यावें लागत आहे. शाकारणीच कायद्याच्या पुस्तकांतून परत आली आहे. आणि ज्या संस्था तिच्याकडे एक कागद मिळविण्याचा उपचार म्हणून पाहतात, त्यांना तिचा लाभ होत नाहीं.

स्लॅब तपासण्याची रीत पाहिली तर ती जुन्याच विद्येची नवी आवृत्ति आहे, असें दिसून येतें. हलक्या हातोडीनें छतावर ठोकीत जावयाचें. भरीव काँक्रीट खणखणतें, सुटलेलें भदभदतें. तोच वाकस, तोच आवाज. ओल नुसती पसरलेली असेल आणि रंग फुगला असेल, तर दोष गच्चीच्या आच्छादनाचा आहे. जुना कोबा पूर्ण काढून मगच नवा घालावा. छतावर सरळ रेषेंत तपकिरी डाग किंवा चिरा उमटल्या असतील, तर त्या रेषेमागें सळई आहे आणि ती गंजूं लागली आहे; येथें गिलाव्यानें भागणार नाहीं, सळई उघडी करून उपचार करावा लागेल. आणि सळया उघड्या पडून बारीक झाल्या असतील, पापुद्रे हातांत येत असतील, किंवा छत मध्यें झुकलेलें दिसत असेल, तर टेकू देऊन खोली रिकामी करावी व अभियंत्यास बोलवावें. ती तिसरी पायरी होय. तेथें दुरुस्तीचा विचार बहुधा संपलेला असतो आणि बदलाचा सुरू झालेला असतो. ही पाहणी गच्ची कोरडी असतां, म्हणजे पावसाळ्यापूर्वींच करावी; मृगाच्या आधींचा जुना मुहूर्त आजहि चुकीचा ठरलेला नाहीं.

छपराचें वय वर्षांनीं मोजतां येत नाहीं. दोनशें वर्षांच्या वाड्यावरचें सागवानी छप्पर धडधाकट असूं शकतें, आणि पंचवीस वर्षांची स्लॅब म्हातारी झालेली असूं शकते. त्याचें वय तीन प्रश्नांनीं मोजावें. दोष आच्छादनाचा आहे, कीं तोलणाऱ्या अवयवांचा? मागल्या दुरुस्तीनें जुनें ओझें उतरलें, कीं नवें चढलें? आणि दुरुस्ती जितकी टिकावयास हवी तितकी टिकते, कीं दोन दुरुस्त्यांमधलें अंतर दर वेळीं कमी होत चाललें आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर अवयवांकडे बोट दाखवीत असेल, तर बाकीच्या दोहोंसाठीं थांबूं नये.

कवेलूंचीं छपरें आतां सर्वत्र परत येतील, असें मानण्याचें कारण नाहीं, आणि गरिबानें गळक्या घरांत राहून जुन्या विद्येची जोपासना करावी असें म्हणणें तर अन्यायाचें होईल. स्लॅब ही मोठी सोय आहे. परंतु तिनें माणसाला वर्षांतून एकदां छपरावर चढण्यापासून मुक्त केलें, छपराकडे पाहण्यापासून नव्हे. जें छप्पर आपण होऊन हांक मारीत नाहीं, त्याची विचारपूस गृहस्थानें स्वतः होऊन केली पाहिजे. वैशाखांतला एक दिवस, एक शिडी आणि एक हातोडी, एवढाच त्याचा खर्च आहे.